सगळी पुस्तके जमा करावीत

चिठ्ठी ग्रंथपाल प्रेमाने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिली होती. मोहवाडीत ती वाचणार होती धोंडीची सून, आणि तिचं वाचन अजून नव्या चपलेसारखं करकरत होतं.

‘येत्या गुरुवारी वाचनालयाची सरकारी तपासणी आहे. तरी सोमवारपर्यंत सगळी पुस्तके जमा करावीत, ही विनंती.’

शहापूरहून सुटलेल्या एसटीच्या कंडक्टरने ती चिठ्ठी शेणव्याच्या चहावाल्याला दिली, चहावाल्याने डोंगर चढणाऱ्या एका बाईच्या टोपलीत टाकली. म्हणजे ती पोचली होती, एवढं नक्की. पण सोमवार आला आणि गेला. मंगळवारी प्रेमा जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करायची. कुणी पेपर वाचायला आलेलं असायचं, कुणी पंख्याखाली बसायला. डोंगरावरून कुणी आलं नाही. फोन लावावा तर वाडीवर रेंज नाही.

शहापूरच्या बाजारपेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात प्रेमा ग्रंथपाल होऊन तीन वर्षं झाली होती. ती आली तेव्हा सगळी कपाटं कुलूपबंद होती. माणसाने काचेतून पुस्तकाचं तोंड बघायचं, चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि किल्ली सापडेपर्यंत भिंतीवरचं घड्याळ बघत बसायचं. प्रेमाने पहिल्या महिन्यात कुलपं काढली. टेबलं खिडकीपाशी नेली. दुपारी बंद असणारं वाचनालय दुपारीच उघडं ठेवलं, कारण बायकांना सवड असते ती दुपारीच.

त्या उघड्या दुपारीच बारकी वर आली होती. ती जिन्याखाली सावलीला बसून करवंदं, कुड्याच्या शेंगा, पत्रावळी विकायची. पाणी प्यायला आली आणि दाराबाहेर चपला काढून आत बघत उभी राहिली.

“ही समदी वाचलीस तू?”

“नाही गं, कुठे होतंय.”

“आन तो चष्मेवाला म्हातारा?”

“त्यांनीही नाही.”

“मंग ठेवल्यात कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर म्हणून प्रेमाने पेटी सुरू केली. हिरव्या पत्र्याची जुनी ट्रंक, तिच्यात अठ्ठावन्न पुस्तकं, आणि नोंदवहीत एकच ओळ: बारकी, मोहवाडी. बारकीला वाचता येत नव्हतं. पण तिच्या ओटीवर संध्याकाळी पत्रावळी लावायला बायका जमायच्या, त्यांच्यातली एक वाचायची आणि बाकीच्यांचे हात चालायचे.

चष्मेवाला म्हातारा म्हणजे वाचनालयाचे कार्यवाह, हरेश सर. शाळेतून निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली तरी त्यांच्या आवाजातली छडी गेली नव्हती.

“प्रेमाताई,” ते म्हणाले होते, “अठ्ठावन्न पुस्तकं डोंगरावर गेलीत. टोकावड्याच्या ढाब्यावर भजी बांधायला कागद लागतोच की.”

“येतील, सर.”

“तपासणीच्या दिवशी एक जरी कमी भरलं, तर पेटी बंद. तसा ठराव झालाय आणि खाली तुमचीच सही आहे.”

सही तिचीच होती. पेटी बंद झाली तर तिची नोकरी जाणार नव्हती की पगार कमी होणार नव्हता. पण जिन्याखाली बसणाऱ्या बारकीच्या नजरेला नजर देता आली नसती. आणि तो जिना तर रोज चढायचा होता.

बुधवारी सकाळी पहिल्या गाडीने ती शेणव्याला उतरली आणि पायवाटेला लागली. फाल्गुन सरत आला होता. मोहाच्या झाडांखाली फुलांचा सडा, आणि त्या गोड, जड वासात बायका ओणव्या होऊन फुलं वेचत होत्या. एरवी प्रेमा थांबली असती, दोन फुलं तोंडात टाकली असती. आज पाय थांबेनात.

बारकीच्या दाराला कडी होती आणि कडीला सुतळी. ओटीवर हिरवी ट्रंक उघडी पडली होती. आत पुस्तक नव्हतं. एक कोंबडी बसली होती, आणि तिने प्रेमाकडे अशा नजरेने पाहिलं, जणू घर तिचंच आहे.

शेजारच्या ओटीवर गोमाबाबा विडी शोधत होते.

“बाबा, बारकीबाय कुठं गेली?”

“टोकावड्याला. लेकीकडं. सोमवारचीच गेलीय.”

“आणि पुस्तकं?”

“नाव नको काढू!” म्हातारा एकदम उसळला. “समदी नेली. दारोदार फिरली गो. कुनाच्या देवळीतून काढली, कुनाच्या उशाखालून वढली. माजं रेशनचं पुस्तक पन नेलं. मी म्हनलो, अगो, ते तांदळाचं हाय. तर मना म्हनते, पुस्तक हाय का नाय? हाय ना? मंग दे. हुकूम हाय.”

“कुणाचा हुकूम?”

“शहापूरच्या कोना बाईचा.” म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. “तू कुठली गो?”

“शेणव्याची,” प्रेमाने ठोकून दिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला शेणव्याची असण्याचा आनंद झाला. “जाताना काही सामान होतं का तिच्याकडे?”

“पोतं व्हतं ना काखंत.”

पोतं. उतारावरून खाली येताना तो एकच शब्द तिच्या पायांत घोटाळत होता. पोत्यात काय भरतात? भात भरतात, कोळसा भरतात. आणि रद्दी भरतात.

शेणव्याहून किन्हवली, किन्हवलीहून सरळगाव, सरळगावला गाडी बदलून टोकावडे. खिडकीतून उन्हाची झळ येत होती. पुस्तकं तिला एकेक करून आठवत होती, जशी जत्रेत हरवलेली मुलं आठवावीत: निळ्या पुठ्ठ्याचं, कोपरा दुमडलेलं, भाजीच्या डागाचं. बारकी असं करणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि पोटात शांत वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टोकावड्याला उतरली तर समोरच ढाबा. माळशेजच्या घाटाकडे निघालेली माणसं गाडीला टेकून भजी खात होती, आणि प्रत्येकाच्या हातात छापील कागद.

“हा कागद कुठून आणता तुम्ही?” तिने भजीवाल्याला विचारलं.

“कागद?” झारा कढईवर तसाच धरून तो तिच्याकडे बघत राहिला. “ताई, भजी घ्या ना. कागद फुकट.”

तिने एक प्लेट घेतली, भजी एका हातात धरली आणि तेलाने पारदर्शक झालेला कागद उन्हाकडे धरला. विहिरीच्या कामाची निविदा होती. कुठल्यातरी ग्रामपंचायतीची. इतकी गोड निविदा तिने कधी वाचली नव्हती. भजी तिने तिथल्याच एका कुत्र्याला घातली.

आणि मग स्टँडच्या शेडमध्ये बारकी दिसली. मांडीवर पोतं, पोत्यावर दोन्ही हात, जणू आत कुणी निजलंय.

“अगो बाय!” बारकीच ओरडली. “तू कशाला आयलीस उन्हाची? मी येतच व्हते ना.”

“बारकीबाय, पुस्तकं कुठायत?”

“जमा क्येली.”

“कुठे जमा केली? सोमवारपासून मी दाराकडे डोळे लावून बसलेय!”

“दारात बसून जमा व्हतंय का काय? येकेका घरी जावं लागतंय. छत्तीस घरं हायत आमच्या वाडीत. कोन देतंय, कोन नाय देत. तूच लिवलंस ना चिठ्ठीत, समदी पुस्तकं जमा करा म्हनून? क्येली जमा. कनगीत ठेवलीत. येकच रायलं व्हतं माज्या कमळूकडं, बाळंतपनाला आयली तवा घेऊन गेलेली. ते न्यायला आयले.”

प्रेमा तिथेच बाकावर बसली.

जमा करावीत. वाचनालयाच्या टेबलावर हा शब्द इतकी वर्षं झिजला होता की त्याचा अर्थ एकच उरला होता: आणून द्या. पण डोंगरावर तो शब्द झिजलेला नव्हता. तिथे मोहाची फुलं जमा करतात, पावसाळ्याआधी जळणाची फाटी जमा करतात, शेण्या जमा करतात. इकडेतिकडे विखुरलेलं गोळा करून एका जागी नीट ठेवायचं, म्हणजे जमा करायचं. आणि जमा केलेलं घरातच राहतं. कुणी उचलून शहापूरला नेत नाही. ‘परत द्या’ हे दोन साधे शब्द होते, प्रेमाच्या आईने शेजारणीकडे वाटी पाठवताना वापरलेले. पण कागदावर लिहायला बसल्यावर तिला कागदी शब्दच सुचला होता.

“तू सोमवारी आलीस ना इथं? मग बुधवार कसा उजाडला?”

“कमळूची गोष्ट सपली नव्हती.” बारकीला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. “लई पानं रायली व्हती. पोर रडतंय, ती येक पान वाचते, पोराला पाजते, परत येक पान. मी म्हनलं, तू वाच गो, पोर मी घेते. त्या गोष्टीतली बाई रागानं घर सोडून निगाली व्हती. मदीच पुस्तक वढून आनलं असतं तर ती बिचारी वाटंवरच रायली असती.”

“मग पोचली का ती?”

“पोचली. आज सकाळी. भावाकडं.”

प्रेमाला हसू आलं. आधी थोडं आलं, मग आवरेना. शेडमधली माणसं बघायला लागली. पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत होते, आणि हसता हसता डोळ्यांतून जे पाणी आलं ते कशाचं होतं ते तिचं तिलाही कळलं नाही. बारकीने शांतपणे पोत्यातून कांदा-भाकरी काढली.

“खा. तुज्या तोंडावरून दिसतंय, सकाळपासून काय नाय खाल्लं.”

परतीच्या गाडीत बारकी खिडकीशी बसली आणि कुणाकुणाकडून पुस्तकं काढताना नाकी नऊ आले ते सांगत राहिली. धोंडीची सून तर दारच उघडीना. “मंग मी दाराम्होरं बसून गायले,” ती म्हणाली आणि गाडीच्या खडखडाटात हलक्या आवाजात गाऊन दाखवलं:

दार उघड वयनी, तुज्या देवळीत कोन बसं
शहापूरची लेक पोथी, तिला माहेराचं पिसं

नको धरू वयनी, पदर तिचा गो दुमडून
येईल फिरून बाई, नव्या गोष्टी लेवून

“मग उघडलं?”

“उघडलं. पन तोंड लई सुजवून.”

ऊन कललं तेव्हा दोघी वाडीवर पोचल्या. कणगी बारकीच्या घरात मागच्या भिंतीला होती, शेणाने सारवलेली, माणसाच्या छातीएवढी. भात तळाशी गेलं होतं. बारकीने वरचं सूप काढलं आणि निरगुडीच्या पाल्याचा कडवट, स्वच्छ वास वर आला. पाल्याच्या थरावर पुस्तकं होती. धान्याला कीड लागू नये म्हणून जे करतात तेच केलेलं. एक थर पुस्तकं, एक थर पाला, पुन्हा पुस्तकं.

प्रेमा जमिनीवर बसून मोजू लागली. बारकी वरून काढून देत होती. निळ्या पुठ्ठ्याचं आलं. भाजीच्या डागाचं आलं. मधेच बँकेचं पासबुक आलं, गॅसचं पुस्तक आलं, बाळाच्या लसींचं कार्ड, चौथीचं गणित, आणि गोमाबाबांचं रेशनचं पुस्तक. अठ्ठेचाळीस. बावन्न. छप्पन्न. सत्तावन्न. बारकीने पोत्यातून कमळूचं पुस्तक काढून वर ठेवलं.

अठ्ठावन्न.

प्रेमाने परत एकदा मोजलं. परत अठ्ठावन्नच.

“अजून येक हाय,” बारकी कणगीत वाकून म्हणाली. “धोंडीच्या उतरंडीमागं सापडलं. त्यो म्हनला तुमचं नाय. पन शिक्का हाय ना वाचनालयाचा. शिक्का मी वळखते.”

पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पण पहिल्या पानावर फिकट जांभळा शिक्का होता, प्रेमाच्या कितीतरी आधीचा. मागे चिकटवलेल्या कागदावर शेवटचं नाव आणि सही वाचून प्रेमाने ते पुस्तक पिशवीत वेगळं ठेवलं.

गोमाबाबा आपलं रेशनचं पुस्तक घ्यायला आले आणि उंबऱ्यातच थबकले.

“ही तर सकाळची! शेणव्याची!”

“नाय बाबा,” बारकी म्हणाली, “हीच ती शहापूरची बाई.”

“हुकूमवाली?” गोमाबाबांनी पुस्तक छातीशी धरलं. “परत कवा हुकूम काडशील तवा लिव, तांदळाचं सोडून.”

गुरुवारी सकाळी भाजीच्या टेम्पोतून पेटी उतरली आणि पेटीच्या मागे बारकीही. ठाण्याहून आलेल्या तपासणीच्या मॅडम टापटीप होत्या आणि घाईत होत्या. कपाटं जुळली. नोंदी जुळल्या. हरेश सरांनी पेटीतली पुस्तकं स्वतः मोजली आणि मोजून झाल्यावर उगाच चष्मा पुसला.

“पण हे काय?” मॅडमचं बोट नोंदवहीवर थांबलं. “अठ्ठावन्न पुस्तकं, आणि वाचक एकच? बारकी, मोहवाडी. या बाईंनी सगळी वाचली?”

“म्या येक पन नाय वाचलं,” दारातून आवाज आला.

प्रेमाने डोळे मिटले. हरेश सर खाकरले.

“मना वाचता नाय येत,” बारकी आत येत म्हणाली. चपला बाहेरच होत्या. “मी ऐकते.” तिने पेटीतलं वरचं पुस्तक उचललं, अंगठा पुठ्ठ्यावरून फिरवला. “हे धोंडीच्या सुनेनं वाचलं, दोनदा. तिच्या पाठनं नथूच्या बायकोनं. हे गोमाबाबाच्या नातीनं वाचलं, आन तिच्या बापानं चोरून, रातपाळीला जाताना डब्यात घालून न्यायचा. हे कोनी पुरं नाय क्येलं, लई लांबण लावलीय त्यात. हे सावळीनं...”

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग पेन उघडलं. हरेश सर नावं लिहून घेऊ लागले. बारकी पुस्तकं चित्रावरून ओळखत होती, डागावरून, वजनावरून, आणि एकाच्याही नावाला अडत नव्हती. वाचणारी एकेचाळीस माणसं निघाली. ऐकणारी मोजायची सोय नोंदवहीत नव्हती.

“ही नावं आधीच लिहायला हवी होती,” मॅडम प्रेमाला म्हणाल्या, पण आवाज सैल झाला होता. आणि शेऱ्यात त्यांनी लिहिलं: फिरती पेटी, वाचक ४१. नोंदी घरनिहाय ठेवाव्यात. उपक्रम चालू ठेवावा.

त्यांची गाडी वळणापलीकडे गेल्यावर प्रेमाने पिशवीतलं बिनपुठ्ठ्याचं पुस्तक हरेश सरांपुढे ठेवलं आणि मागचं पान उलटलं. सरांनी आपलीच सही ओळखली. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची, तरुण, लांब शेपटाची.

“धोंडी,” ते सहीवरून बोट फिरवत म्हणाले. “आश्रमशाळेत माझ्याकडे होता. माझ्या नावावर काढून हे त्याला वाचायला दिलं होतं. ‘सर, उद्या देतो’ म्हणाला. आणि मग सुट्टी लागली, माझी बदली झाली...” त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं. “हा कसला वास?”

“निरगुडीचा.”

“गहाळ यादीत माझं नाव असेल, नाही?”

“आहे ना. यादी काढून दाखवू?”

“राहू दे, राहू दे.” आणि त्या आवाजातली छडी मोडून सर हसले.

बारकीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती कपाटांपुढे उभी राहून पेटी भरून घेत होती. प्रेमा एकेका पुस्तकाची गोष्ट दोन वाक्यांत सांगायची, बारकी निकाल द्यायची.

“ह्यात मरतात का कोन?”

“शेवटी नायक मरतो.”

“नको. मागल्या खेपेला तीन दिवस चूल धड पेटली नाय वाडीत. ह्यात?”

“ह्यात सासू आहे. खाष्ट.”

“दे.”

टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता. पेटीची एक कडी बारकीने धरली, दुसरी सरांनी. जिना अरुंद होता, दोघं आडवे होऊन, एकमेकांना ‘हळू, हळू’ म्हणत उतरले.

वर प्रेमा एकटी राहिली. खिडकीशेजारच्या कपाटातली दोन फळ्यांवरची पुस्तकं गेली होती, आणि रिकाम्या फळीवर उन्हाचा पट्टा सरळ पडला होता. तिने बाकीची पुस्तकं सरकवून ती जागा भरली नाही.

पेन्शनर असलेले एक काका आत आले, त्या फळीपाशी थांबले.

“इथलं ते जाडं पुस्तक कुठे गेलं हो? आज न्यायचं ठरवून आलो होतो.”

“मोहवाडीला गेलंय.”

“अरे! मग कधी येईल?”

“येईल,” प्रेमा म्हणाली, आणि त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. “तोवर बसा. मी चहा सांगते.”